खोट्या नावाने घेतलेले फोन

"तुम्ही कुठे कामाला?" असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायची, "फ्रॉडमध्ये." समोरचा आधी हसायचा आणि मग हातातली पिशवी जरा जवळ ओढून घ्यायचा. यात माझा काही दोष नाही. आमच्या डिपार्टमेंटचं नावच ते होतं. ऑफिसात सगळे तसंच बोलायचे: अमका लोनमध्ये आहे, तमकी कार्डमध्ये आहे, मंगल फ्रॉडमध्ये आहे. मिरजेला एका हळदीकुंकवात सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आमची सून मद्रासला फ्रॉड करते, विलायतेच्या बँकेत." बायकांनी वाण घेतलं आणि निमूट घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला, "वहिनी, आईला एकदा नीट समजावून सांगा हो, इथे लोक भलतंच विचारायला लागलेत."

तेव्हा आधी नीटच सांगते. यजमानांना ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही चेन्नईला आलो. मी इंग्रजी घेऊन बीए झालेली, तमिळचा एक शब्द येत नाही, घरात बसून भिंतींशी बोलायची वेळ आली. पेपरात जाहिरात वाचली, गेले, आणि नोकरी लागली. आमची कंपनी इंग्लंडमधल्या एका बँकेचे फोन घ्यायची. तिथल्या एखाद्या खातेदाराने पैसे पाठवायला घेतले आणि बँकेच्या कॉम्प्युटरला त्यात काही काळंबेरं दिसलं, की ते पैसे वाटेतच अडकत. मग तो माणूस वैतागून कार्डामागच्या नंबरावर फोन करी. तो फोन समुद्र ओलांडून आमच्याकडे येई. आम्ही त्याला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि पैसे सोडायचे की धरून ठेवायचे ते ठरवायचं. त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार. दहीभात खाऊन डोळ्यांवर झापड यायची वेळ आणि तिकडून ताजातवाना इंग्रज ओरडायचा, "माझेच पैसे मला का देत नाही?"

बरोबर होतं त्याचं. पैसे त्याचेच असत. आम्ही फार तर दारात आडवं पडायचं, आणि त्याने ओलांडून जायचंच म्हटलं तर जाऊ द्यायचं.

आता नावाची गोष्ट. आमच्याकडे पद्धत अशी होती की फोनवर स्वतःचं नाव सांगायचं नाही. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक इंग्रजी नाव मिळे. मंगलची मी मार्था झाले. माझ्या शेजारी बसणारी पद्मा, तिची पामेला झाली. पद्मा एन्नोरची, कोळ्यांच्या वस्तीतली. त्यांच्या अख्ख्या गल्लीत पँट घालून कामाला जाणारी पहिली मुलगी. रोज लोकल आणि मग बस असं करत यायची आणि मला डब्यातलं मासळीचं कालवण द्यायची. मी ब्राह्मणाची, खायला नको म्हणाले पहिल्या दिवशी. दुसऱ्या आठवड्यात मीच विचारायला लागले, आज काय आणलंयस म्हणून. ती मला अक्का म्हणायची, म्हणजे ताई. पण टेबलावर हेडफोन चढवला की आम्ही मार्था आणि पामेला. कंपनीच्या यादीतही तीच नावं, बाहेरून कुणी विचारलं तरी तीच. आमच्यापैकी एका मुलीला कुठल्याशा गिऱ्हाइकाने इंटरनेटवर हुडकून काढून फार छळलं होतं, तेव्हापासून तर हा नियम अगदी सोवळ्यातला झाला. फोनवर किंवा बाहेरच्यांजवळ कुणाचं खरं नाव कुणी उच्चारायचं नाही, आणि विचारलं तर कबूल करायचं नाही.

आमचे सुपरवायझर रावसर. तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, पण घरात मराठी टिकवलेली. मी मराठी आहे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की रोज दुपारी येऊन विचारायचे, "मंगलबाय, जेवण जाहलें कीं?" त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आणि शब्द मात्र शिवकाळातले. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. मग कळलं, माझी मराठी ऐकून त्यांनाही आवरत नव्हतं. घरी जाऊन बायकोला माझी नक्कल करून दाखवायचे म्हणे.

त्यांनीच मला एकदा सांगितलं, "तुमच्याकडे फसवलें तर टोपी घालतात. आमच्याकडे कपाळाला नाम ओढतात." तमिळमध्ये खरंच तसं म्हणतात, पट्टै नामम्. म्हणजे वैष्णवांचं उभं गंध, चांगलं कपाळभर. मराठीत बघा, टोपी घातली, शेंडी लावली, चुना लावला, तोंडाला पानं पुसली, मामा बनवला. जे काय होतं ते सगळं डोक्यावर आणि तोंडावर, चारचौघांना दिसेल असं. फसलेल्या माणसाला आपल्याकडे लोक आधी हसतात आणि मग हळहळतात.

इंग्रजांचं इंग्रजी ऐकायला मला आधी जड गेलं, मग त्याची गोडी लागली, आणि शेवटी भीती वाटायला लागली. रोज तेच शब्द कानावर. तरुण पोरं म्हणायची स्कॅम. जणू पाऊस आला, तसा स्कॅम आला. रागीट माणसं म्हणायची रिप-ऑफ, म्हणजे लुबाडणूक. त्यांचा रोख बँकेवर आणि पर्यायाने माझ्यावर. वयस्क पुरुष म्हणायचे कॉन, आणि त्यात फसवणाऱ्याबद्दल थोडं कौतुक असे, काय डोकं चालवलंन लेकाच्याने, अशा अर्थाचं. फिडल म्हणजे हिशेबात किंचित हात मारणं. ते हसतहसत सांगायचे, कारण तसं बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असे. आणि डॉजी. हा माझा लाडका शब्द. काहीतरी गडबड वाटतेय, पण नक्की काय ते सांगता येत नाही, तेव्हा इंग्रज म्हणतो, "जरा डॉजी वाटतंय." हा शब्द ऐकला की मी खुर्चीत सरळ बसायची. डॉजी म्हणणारा माणूस अजून बुडालेला नसतो. त्याचा हात धरता येतो.

जे खरोखर बुडाले, आयुष्यभराचं सगळं गेलं, ते यातला एकही शब्द वापरायचे नाहीत. ते म्हणायचे, "मी जरा मूर्खपणा केला." सिली, एवढाच शब्द. चहा सांडल्यावर म्हणतात तसा. चोराला काही नाव नाही, जे काय नाव ठेवायचं ते स्वतःला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. अहो, लुटलं ना तुम्हाला कुणीतरी? मग शिव्या द्या ना त्याला! पण नाही. एक निवृत्त हेडमास्तर होते, त्यांनी तर मला ओरडून सांगितलं, "मार्था, याला फ्रॉड म्हणू नकोस. याला चोरी म्हण. फ्रॉड म्हटलं की निम्मा दोष माझ्याकडे येतो." मी म्हटलं, सर, माझ्या हातात नाही, फॉर्ममध्ये तोच शब्द छापलेला आहे. ते म्हणाले, "तेच तर मी सांगतोय." आणि रडायला लागले. एवढा मोठा हेडमास्तर.

उलट्या बाजूचेही भेटत. एकाने नवा कोरा सोफा घेतला आणि आम्हाला म्हणाला, ही खरेदी मी केलीच नाही, कुणीतरी माझं कार्ड वापरलंय. बोलताना मागून बायकोचा आवाज आला, "बूट काढून बस, नवीन आहे तो!" तो थोडा वेळ गप्प. मी गप्प. मग म्हणाला, "बहुतेक मला आत्ताच आठवतंय." असे दिवस चांगले जायचे. ती गोष्ट मी आणि पद्माने महिनाभर पुरवून पुरवून खाल्ली.

पण आमच्या कामाची खरी गंमत, गंमत म्हणायचं तर, वेगळीच होती. बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्ही लबाड माणसांची खोटी बोलणी पकडत असू. सोफेवाल्यासारखा एखादा सोडला, तर लबाड माणूस आमच्याशी बोलतच नसे. तो दुसऱ्या फोनवर बसून असे. आमच्याशी खोटं बोलायचे ते भले लोक. चोर त्यांना पढवून ठेवायचा: बँकेने विचारलं तर असं सांगा, तसं सांगा, आमचं नाव काढू नका. म्हणून आमच्या प्रश्नांत एक प्रश्नच असा होता, "कुणी तुम्हाला आमच्याशी खोटं बोलायला सांगितलंय का?" त्यावर ती साधी माणसं म्हणायची, "नाही." जन्मात कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलायला लागला की लगेच कळतं. तो फार सांगतो. विचारलं नसेल तेही सांगतो. चाचरतो, आणि मग घाईघाईने बोलतो. मी तेच ऐकायची. इतकी वर्षं ऐकून ऐकून असं झालं की घरी यजमान "बसला उशीर झाला" म्हणाले तरी माझा कान टवकारायचा. ते म्हणायचे, "बाई, हेडफोन काढून ये घरात."

आणि दुसरं म्हणजे, आमचा आवाज. कितीही मार्था म्हणा, आवाज मिरजेचाच. चोरांच्या टोळ्यांतले बरेच फोन आपल्याच देशातून जातात हे तिकडे पोराटोरांना माहीत. मग आम्ही फोन उचलला की पहिलं वाक्य, "तुम्ही त्यांच्यातल्याच कशावरून नाही?" मी रोज ऐकायची. पहिल्यांदा कानशिलं तापायची. नंतर सवय झाली, पण मनाला लागायचं ते लागायचंच. मी चोराला अडवायला बसलेली, आणि मलाच चोर म्हणतात. काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

मिसेस हार्परचा फोन आला तो अशाच एका दुपारी. नाव मी बदललेलं आहे. नावं बदलण्यात माझा हात बसलेला आहे, त्याची काळजी नको.

म्हाताऱ्या बाई, नवरा वारलेला, समुद्राकाठच्या कुठल्याशा खेड्यात राहणाऱ्या. गुडघे गेलेले. म्हणून राहतं घर विकलं होतं आणि बहिणीच्या शेजारी तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा घ्यायची होती. बहीणही एकटी. "आता मरेपर्यंत दोघी एकमेकींचा चहा करू," असं त्या मला आपणहून म्हणाल्या. घर विकून आलेले सगळे पैसे खात्यात होते, आणि ते सगळेच्या सगळे त्या कुणाच्यातरी खात्यावर पाठवायला निघाल्या होत्या. कॉम्प्युटरने धरले.

मी विचारलं, "हे पैसे कशासाठी पाठवताय?"

"घराच्या कामासाठी," त्या म्हणाल्या. "छप्पर. म्हणजे छप्पर आणि स्वयंपाकघर. बागेची भिंतसुद्धा, ती कलली आहे ना."

विकलेल्या घराचं छप्पर कोण दुरुस्त करतं? मागे कुठेतरी दुसऱ्या फोनची बारीक खरखर ऐकू येत होती.

"मिसेस हार्पर," मी म्हटलं, "दुसऱ्या फोनवर कुणी आहे का? तुम्ही उत्तर देऊ नका. नुसतं ऐका. बँकेतून बोलतोय असं सांगून कुणी पैसे हलवायला सांगत असेल, तर ते पैसे परत येत नाहीत. बँक असं कधी सांगत नाही."

मग खरखर थांबली. त्यांनी तो दुसरा फोन बंद केला असावा किंवा उशीखाली घातला असावा.

"तो म्हणाला होता, तू हेच सांगशील," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"कोण?"

"डॅनियल. तुमच्या सुरक्षा विभागातला. तीन दिवस तो माझ्याशी बोलतोय, फार सभ्य आहे. तो म्हणाला, माझे पैसे धोक्यात आहेत, ते सुरक्षित खात्यात हलवायचे. बँकेतलीच काही माणसं चोरांना सामील आहेत, भारतात बसलेली. ती मला अडवतील. म्हणाला, खात्री करायची असेल तर त्या बाईला एकच विचारा." त्या थांबल्या. "तुझं नाव खरंच मार्था आहे का गं?"

असा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता असं नाही. पुष्कळांनी विचारला होता, चिडून, टोमणा म्हणून. मी हसून "हो" म्हणायची आणि पुढे जायची. पण या बाईने मनापासून विचारलं. त्या माणसाने आमची पद्धत ओळखून बरोबर तिथेच सुरुंग लावला होता. हो म्हणावं तर मीच खोटी, आणि माझं खोटं बहुधा आवाजात ऐकू जाईल, कारण या कामाने मला दुसऱ्यांचं खोटं ऐकायला शिकवलं, स्वतःचं लपवायला शिकवलं नाही. नाही म्हणावं तर तो म्हणाला तेच खरं ठरतं. एवढ्या मिनिटांत मी त्यांना किती वेळा म्हटलं होतं, माझ्याशी खरं बोला. ज्या बाईचं सगळं आयुष्य माझ्या एका उत्तरावर लटकलंय, तिला खोटं सांगायला माझी जीभ वळेना.

"नाही," मी म्हटलं. "माझं नाव मंगल. मी चेन्नईत बसते. मार्था हे नाव आम्हाला ऑफिसने दिलंय, सगळ्यांनाच देतात. माझं नाव खोटं आहे, पण मी जे सांगतेय ते खरं आहे."

"मंगल," त्या म्हणाल्या. अगदी नीट म्हणाल्या, माझ्या मावशीने म्हणावं तसं. "म्हणजे काय?"

"शुभ. चांगलं."

"मग हेच का नाही सांगत?"

"तुम्हाला उच्चारता येणार नाही असं आमच्या लोकांना वाटतं."

"मला तर आलं," त्या म्हणाल्या, आणि मला हसू आलं. इतक्या तणावात हसू आलं.

मग मी नियमाप्रमाणे जे सांगायचं ते सांगितलं, आणि या खेपेला अगदी जीव ओतून सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डॅनियलवर ठेवू नका. दोन्ही फोन ठेवून द्या. तुमच्या कार्डाच्या मागे बँकेचा नंबर छापलाय, तो स्वतः फिरवा आणि खात्री करून घ्या. त्या म्हणाल्या, "मला जरा विचार करू दे, मंगल." आणि फोन ठेवला.

मी आनंदाने पाय आपटले खुर्चीखाली. विचार करू दे म्हणणारा माणूस बहुतेक वाचतो. खात्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं की फसवणूक चालू आहे, पैसे धरून ठेवावेत. एवढ्यात रावसरांनी काचेच्या केबिनमधून बोट दाखवून बोलावलं. ते अधूनमधून आमचे फोन ऐकत असत. तोही ऐकला होता.

"मंगलबाय, हें काय केलेंत?" ते म्हणाले. चेहरा उतरलेला. "नांव सांगितलेंत? रेकॉर्ड जाहलें सगळें."

मी म्हटलं, "सर, मेमो द्या. पण बाई वाचली."

त्यांनी डोकं हलवलं, चष्मा काढला, पुसला. "वाचली असें मलाही वाटतें," म्हणाले. मग मेमोची भाषा काय ठेवावी यावर आम्ही बोलत बसलो. ते भले गृहस्थ, कमीत कमी कसं लिहिता येईल ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि सवयीने पहिल्यांदा तेच खातं उघडलं. खातं रिकामं होतं. पैसे आदल्या दुपारीच सुटले होते, मी रावसरांच्या केबिनमध्ये उभी होते तेव्हाच. सोडणारी पामेला.

मी तशीच उठले आणि पद्माच्या खुर्चीशी गेले. तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. मग आठवलं. "हां अक्का, ती म्हातारी! मी सांगणारच होते तुम्हाला. तिने तुमचं खरं नाव विचारलं. मी घाबरलेच. म्हटलं, हिला कुठून कळलं? कुणीतरी लागलंय अक्कांच्या मागे. मी साफ सांगून टाकलं, असं कुणी नाही इथे." आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका, मी कुणाला काही कळू दिलं नाही."

मी पाणी प्यायला गेले आणि तिथेच उभी राहिले.

पुढे मिसेस हार्परच्या बहिणीने तक्रार केली आणि चौकशी लागली. चौकशीच्या कागदात मी शब्द शोधत होते. चोराला त्यात म्हटलं होतं थर्ड पार्टी. बाईंना म्हटलं होतं, ग्राहकाने स्वतःच्या मर्जीने पैसे पाठवले. एकदा मी आणि माझी नोंद वाचून एकदा पद्माने, असं दोन वेळा सावध केलं होतं, तरी त्या पाठवायचेच म्हणाल्या, म्हणून भरपाई नाही. पद्माने नियमाचं पालन केलं. मी ठरलेल्या मजकुरापासून विचलन केलं. विचलन! सगळ्या कागदात खोटं बोलल्याचा उल्लेख कुणाच्याच नावावर नव्हता. आमची खोटी नावं मात्र जिथे तिथे होती, मार्था आणि पामेला, सहीच्या जागेवरसुद्धा. बहिणीशेजारची ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणी घेतली. एवढं त्या तक्रारीवरून कळलं, त्यापुढचं काहीच कळलं नाही. आम्हाला कुणाचंच पुढचं कधी कळत नसे.

रावसरांनी वर लिहून पाहिलं की ही नावांची पद्धत बंद करा. उत्तर आलं की कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यक आहे. ते खोटं होतं असंही म्हणता येत नाही. त्या छळलेल्या मुलीला मी ओळखत होते. मी त्यानंतरही नोकरी केली, अगदी निवृत्त होईपर्यंत, आणि मार्था म्हणूनच केली. पुढे कुणी नाव खरं आहे का विचारलं की मी "हो" म्हणायची. माझी जीभ त्याला सरावली. लोक मला विचारतात, किती जणांना वाचवलंत? पुष्कळांना वाचवलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचे आवाज आठवत नाहीत. वाचलेला माणूस घाईत असतो, थँक्यू म्हणतो आणि जातो.

चौकशीच्या वेळी आम्हा तिघांना काचेच्या खोलीत बसवून तो दुसरा फोन ऐकवला. तोवर पद्माला सगळं कळलेलं होतं. ती खाली मान घालून दुपट्ट्याचं टोक पिळत होती. रावसरांनी बटण दाबलं.

"मला मंगलशी बोलायचंय," मिसेस हार्पर म्हणाल्या. "कार्डाच्या मागचा नंबर लावलाय मी, तिने सांगितलं तसा. मंगल. मी बरोबर म्हणतेय ना?"

मग पद्माचा आवाज, घट्ट आणि गोड, आम्हाला शिकवलेला. "माफ करा मॅडम. या नावाचं इथे कुणी काम करत नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की, मॅडम."

"अस्सं," मिसेस हार्पर म्हणाल्या. "मला फार वाटत होतं गं, की ती खरी असावी."

रावसरांनी बंद करायला हात पुढे केला होता, पण चौकशीला आलेल्या साहेबांनी पुढचंही ऐकायचंय म्हणून खूण केली. पद्मा एकेक प्रश्न विचारत गेली: पैसे कशासाठी, कुणाला, कुणी तुम्हाला आमच्याशी खोटं बोलायला सांगितलंय का. आणि मिसेस हार्पर सगळ्याची उत्तरं देत गेल्या, थोडक्यात, न चाचरता, एकदाही न अडखळता.